गुडघ्यांचा खेळ

केन्दामा पहिल्यांदा हातात घेतलेला माणूस लगेच ओळखू येतो. नजर चेंडूवर खिळलेली, सगळा जोर मनगटात आणि गुडघे ताठ. चेंडू वर जातो, वाटीच्या कडेवर आपटतो, बाजूला उडतो आणि दोरीच्या झोक्यासरशी बोटांच्या सांध्यांवर येऊन आदळतो. बोटं चोळून माणूस पुन्हा तेच करतो, फक्त आणखी जोर लावून. पाहणाऱ्यालाही वाटतं की ही हाताची करामत आहे, हाताला सवय झाली की जमेल. पण स्वतः शिकताना आणि माझ्या मुलीला शिकताना पाहताना मला पुन्हा पुन्हा जाणवत गेलं की या जपानी खेळण्याचं अर्ध्याहून अधिक काम कमरेखाली चालतं. हा गुडघ्यांचा खेळ आहे. सुरुवात करणाऱ्याला एकच गोष्ट सांगायची झाली तर मी एवढीच सांगेन.

आधी वस्तू नीट पाहू या. लाकडाचा एक दांडा, तो ‘केन’. त्याचं एक टोक निमुळतं, ते ‘केनसाकी’. दुसरं टोक रुंद आणि आत उथळ कोरलेलं, ती ‘चूझारा’ म्हणजे मधली वाटी. दांड्यात आडवा अडकवलेला दुसरा तुकडा, त्याच्या एका अंगाला मोठी वाटी ‘ओझारा’, दुसऱ्या अंगाला छोटी ‘कोझारा’. आणि सुमारे ६ सेंटीमीटर व्यासाचा चेंडू, ‘तामा’. चेंडूला आरपार भोक असतं. वरच्या बाजूला दोरी जाईल एवढंच, खालच्या बाजूला दांड्याचं टोक आत शिरेल एवढं रुंद. दोरी साधारण ४० सेंटीमीटरची. चेंडूच्या आत ती एका बारीक मण्याला बांधलेली असते, म्हणून चेंडू गरगरला तरी दोरीला फारसा पीळ पडत नाही. दांडा आणि आडवा तुकडा एकमेकांना डिंकाने चिकटवलेले नसतात. दोरीच त्यांना धरून ठेवते, दोरी काढली की सगळं खेळणं सुटं होऊन हातात येतं. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा ऐवजात तीन वाट्या, एक टोक आणि एक भोक, आणि यांच्या जोडण्यांतून शेकडो प्रकार निघतात.

पहिला प्रकार ओझाराचा. मोठी वाटी आकाशाकडे, टोक जमिनीकडे कललेलं. पेन धरतो तसं अंगठा आणि तर्जनीने दांड्याला गळ्यापाशी धरायचं आणि उरलेली बोटं खालच्या छोट्या वाटीला टेकवायची. एवढी पकड बसली की वाटी डुगडुगत नाही. चेंडू खाली लोंबकळतोय, तो पूर्ण स्थिर होऊ द्यायचा. दुसऱ्या हाताने हलकेच थांबवला तरी चालतं. मग गुडघे किंचित वाकवायचे आणि सरळ उभं राहता राहता चेंडू सरळ वर खेचायचा. झोका द्यायचा नाही. पाय सरळ होतात, त्यांच्या जोरावर खांदा वर येतो, हात त्याच्या मागून येतो आणि चेंडू दोरीच्या रेषेतच वर सरकतो. छातीपर्यंत आला की पुरे.

आता खरी गंमत. चेंडू वर पोचून क्षणभर थांबल्यासारखा होतो आणि खाली यायला लागतो. त्या क्षणी वाटी चेंडूच्या खाली न्यायची आणि चेंडूबरोबर खाली जायचं. गुडघे पुन्हा वाकतात, अख्खं शरीर एक इंच, दोन इंच खाली बसतं, आणि चेंडू वाटीत आपटण्याऐवजी टेकतो. आपल्याकडे मैदानावर उंच उडालेला झेल घ्यायला उभ्या असलेल्या पोराला मोठी मुलं ओरडून सांगतात, ‘हात मऊ ठेव, चेंडूबरोबर खाली घे!’ तेच इथे आहे, फक्त हातांच्या जागी अख्खं अंग. लाकडावर लाकूड पडतंय, दोन्ही टणक. वाटी जागेवर ताठ धरली की चेंडू उसळणारच. चेंडूचा वेग कुठेतरी मुरावा लागतो आणि तो मुरवायची जागा म्हणजे गुडघे.

हे मला कुणी समजावून सांगितलं नाही, मी पाहिलं. जपानमध्ये प्राथमिक शाळेच्या पहिलीत ‘मुकाशी आसोबी’चा, जुन्या खेळांचा एक वर्ग असतो. बहुतेक शाळांत तो नव्या वर्षाच्या सुमाराला, थंडीत होतो. वस्तीतल्या आजी-आजोबांना शाळेत बोलावतात. कुणी भोवरा शिकवतं, कुणी कापडी पिशव्यांचा ‘ओतेदामा’, कुणी बोटांत दोरी गुंफायचा ‘आयातोरी’, आणि एका कोपऱ्यात केन्दामा. आम्ही हिरोशिमात राहतो. मुलीच्या शाळेने पालकांनाही बोलावलं होतं. व्यायामशाळेच्या लाकडी फरशीवर मुलं मोज्यांनिशी सरकत होती आणि केन्दामाच्या कोपऱ्यात एक आजोबा उभे होते. त्यांच्या चेंडूचा लाल रंग भोकाच्या कडेला पार उडून गेला होता आणि आतलं लाकूड तेल प्यायल्यासारखं काळपट चकाकत होतं.

त्यांनी एकाही मुलाचा हात धरला नाही. आपल्याकडे शिकवणारा माणूस आधी हात धरतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांत भरलं. मूल प्रयत्न करत असताना ते समोर उभे राहायचे आणि स्वतःचे गुडघे वाकवायचे, सरळ करायचे, पुन्हा वाकवायचे. तोंडाने एवढंच, ‘हिझा, हिझा.’ गुडघे, गुडघे. पाहता पाहता सात-आठ मुलं रिकाम्या हातांनीच त्या तालावर खालीवर व्हायला लागली. मग हातात केन्दामा. माझ्या मुलीचा चेंडू वाटीच्या कडेवरून दोन-चारदा घसरला, आणि मग एकदा ती चांगली खाली बसली नि चेंडू वाटीत आला. जरासा थरथरला आणि राहिला. तिने आधी आजोबांकडे पाहिलं, मग गर्दीत मला शोधलं आणि मराठीत ओरडली, ‘आई, बसला!’ आजोबांना मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता, पण त्यांनी मान डोलवली.

त्यानंतर आमच्या घरी केन्दामा आला आणि त्याच्या पायऱ्या कळत गेल्या. जपान केन्दामा संघटना १९७५ साली स्थापन झाली. स्थापना करणारे इस्सेई फुजिवारा हे मुलांसाठी लिहिणारे लेखक. अंटार्क्टिकावरच्या मोहिमेतून मागे राहिलेल्या आणि तरीही जगलेल्या तारो आणि जिरो या कुत्र्यांची गोष्ट त्यांनी मुलांना सांगितली होती. या संघटनेने खेळण्याची मापं नक्की केली, स्पर्धांचे नियम केले आणि ज्यूदो-कराटेसारख्या श्रेणी आखल्या. दहाव्या ‘क्यू’पासून पहिल्या क्यूपर्यंत उतरत यायचं आणि त्यापुढे ‘दान’ चढत जायचे.

या श्रेणी मला फार आवडतात, कारण त्या एका लेखकाला सुचाव्यात अशा आहेत. दहाव्या क्यूची परीक्षा म्हणजे ओझारा, आणि दहा प्रयत्नांत तो एकदा जमला तरी मूल उत्तीर्ण. नऊ वेळा चुकायची मुभा नियमातच लिहिलेली आहे. नवव्या क्यूला छोटी वाटी येते, आठव्याला मधली. सातव्याला ‘रोसोकु’, म्हणजे मेणबत्ती. त्यात दांडा टोकाला चिमटीत उभा धरायचा आणि चेंडू मधल्या वाटीवर झेलायचा. सहाव्याला ‘तोमेकेन’, म्हणजे चेंडूचं भोक टोकावर घेणं, पाचव्याला ‘हिकोकी’, विमान, चौथ्याला ‘फुरिकेन’, म्हणजे झोका देऊन तेच, तिसऱ्याला ‘जपानची प्रदक्षिणा’ नावाचा प्रकार, दुसऱ्याला ‘जगाची प्रदक्षिणा’, आणि पहिल्याला ‘तोदाई’, दीपस्तंभ. नव्या प्रकाराकडून पहिल्या भेटीत फारशी अपेक्षा नसते, पण आधी शिकलेले प्रकार पुढच्या परीक्षांत पुन्हा विचारले जातात आणि ते जास्त वेळा जमावे लागतात. म्हणजे मेणबत्ती अजून डगमगत असली तरी चालते, पण मोठी वाटी तोवर पक्की झालेली हवी. आपल्या शाळांत एक धडा झाला की तो मागे पडतो. इथे पहिला धडा शेवटपर्यंत बरोबर चालत राहतो. शिक्षणाची ही रीत मला अतिशय शहाणपणाची वाटते.

पहिला धडा किती जड होऊ शकतो हे जपानमध्ये दर वर्षाअखेर दिसतं. ३१ डिसेंबरच्या रात्री एनएचके या सार्वजनिक वाहिनीवर ‘कोहाकु उता गास्सेन’ हा गाण्यांचा मोठा कार्यक्रम असतो. त्यात हिरोशी मियामा हे एन्का, म्हणजे जुन्या वळणाची भावुक जपानी गाणी, गाणारे गायक गात असताना मागे माणसांची लांबलचक रांग उभी असते आणि एकामागून एक प्रत्येक जण एकदाच केन्दामा झेलतो. गिनेस विक्रमासाठीचा हा प्रयत्न २०१७ पासून सुरू आहे. २०१८ साली १२४ जणांनी लागोपाठ झेल घेतले. २०२३ ला १२८ जण होते. कार्यक्रमात विक्रम झाल्याचं जाहीरही झालं, पण नंतर तपासणीत १६ व्या माणसाचा चेंडू वाटीत बसला नसल्याचं दिसलं. २०२४ ला १२८ जणांनी तो पार पाडला. या सगळ्या खटाटोपात करायचं काय असतं? ओझारा. दहाव्या क्यूचा, पहिलीच्या मुलाचा प्रकार. एरवी झोपेत जमेल असा झेल, पण आपल्या आधीच्या सगळ्यांनी घेतलेला आहे, आपल्या नंतरचे सगळे थांबलेले आहेत आणि अख्खा देश पाहतोय. अशा वेळी माणसाचे पाय सगळ्यात आधी ताठ होतात. ती रांग पडद्यावर पाहताना आमच्या घरात सगळे सोफ्यावर बसल्या जागी खालीवर होत असतात.

खेळाचं मूळ जपानबाहेर आहे. फ्रान्समध्ये १६ व्या शतकात ‘बिलबोके’ नावाचा दोरी-चेंडूचा खेळ होता आणि तिसऱ्या आंरी राजाला त्याचा नाद होता असं सांगतात. अशीच खेळणी मेक्सिकोतही आहेत आणि उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांतही. जपान एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून १८६८ पर्यंत, परदेशांसाठी जवळजवळ बंद होता, फक्त नागासाकीचं दार किलकिलं होतं. तिथूनच हे खेळणं आत आलं असं मानतात. १८३० च्या एका जपानी ग्रंथात नोंद आहे की १७७७-७८ च्या सुमारास असं एक खेळणं निघालं. पेल्याच्या आकाराचं, त्याला मूठ, दोरी आणि दोरीला चेंडू, आणि सगळं हरणाच्या शिंगाचं. तेव्हा तो मोठ्या माणसांचा, बैठकीतला खेळ होता. ज्याला झेलता येणार नाही त्याने साके प्यायची. १८७६ साली जपानच्या शिक्षण खात्याने काढलेल्या एका पुस्तकात तो मुलांच्या खेळांत चित्रासकट आला. शंभर वर्षांत दारूच्या बैठकीतून मुलांच्या पुस्तकात, असा त्याचा प्रवास.

आजचं रूप मात्र आमच्या हिरोशिमा प्रांतातलं. कुरे या बंदराच्या गावच्या हामाजी एगुसा यांनी दोन वाट्या आडव्या तुकड्यावर आणल्या, टोक आणि मधली वाटी दांड्यावर ठेवली आणि १९१९ साली या रचनेची नोंदणी करून घेतली. त्यांनी नाव दिलं ‘निचिगेत्सु बॉल’, सूर्यचंद्र-चेंडू. लाल चेंडू म्हणजे सूर्य आणि वाट्यांची कोर म्हणजे चंद्र. ते बनवायला त्यांनी गाठलं हात्सुकाइची. तिथे १९२१ पासून त्याचं उत्पादन सुरू झालं. हात्सुकाइचीच का, याला कारण आहे. मागच्या डोंगरांतलं लाकूड या किनाऱ्यावर उतरायचं आणि समोरच्या मियाजिमा बेटावर कातकामाची जुनी परंपरा होती. भाताचे लाकडी डाव, तबकं, वाडगे तिथे पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. ६ सेंटीमीटरचा चेंडू खऱ्या अर्थाने गोल कातायचा, त्याच्या नेमक्या मध्यातून भोक पाडायचं आणि भोकाच्या तोंडाला किंचित उतार द्यायचा, म्हणजे टोक घसरत आत जाईल. हे मुरलेल्या कातारी माणसाचं काम. हजारो चेंडू एकसारखे काढायचे तर त्याहून अवघड.

भारतातून हिरोशिमाला येणारे पाहुणे शांती उद्यान पाहतात आणि मग मियाजिमाचं पाण्यातलं लाल तोरी, म्हणजे देवस्थानाचं प्रवेशद्वार, बघायला लोकल पकडतात. वाटेत हात्सुकाइची स्टेशन लागतं. कुणी उतरत नाही. माझ्याकडे आलेल्या पुण्याच्या मंडळींना मी आता तिथे उतरवते. २०१४ पासून याच गावात केन्दामाची जागतिक स्पर्धा भरते आणि देशोदेशीची तरुण मुलं येतात. ढगळ टीशर्ट, स्केटबोर्डवाल्यांसारखे बूट, गळ्यात अडकवलेला केन्दामा. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बर्फावर घसरणाऱ्या नि स्केटिंग करणाऱ्या मुलांनी हा खेळ उचलला आणि त्याला नवं वळण दिलं. त्यांचे चेंडू जास्त चिकट रंगाचे असतात, वाट्या रुंद असतात, आणि ते चेंडू हवेत सोडून दांडा गरगर फिरवतात. जपानी आजोबा आणि ब्राझिलियन पोरगा शेजारी उभे राहून खेळतात तेव्हा दोघांचे हात अगदी वेगळे चालतात. गुडघे सारखेच चालतात.

आता तोमेकेन. सुरुवात केलेल्या प्रत्येकाला इथे थोडं राहावं लागतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. टोक वर, दांडा वाट्यांच्या खाली चिमटीत धरलेला. चेंडू सरळ वर ओढायचा आणि त्याचं भोक टोकावर घ्यायचं. ऐकायला अशक्य वाटतं, पण खेळण्याच्या रचनेतच मदत आहे. दोरी चेंडूच्या एका बाजूला आणि मोठं भोक बरोबर विरुद्ध बाजूला, म्हणून स्थिर लोंबकळणाऱ्या चेंडूचं भोक नेहमी जमिनीकडेच असतं. तुम्ही तो न फिरवता वर आणलात तर ते तसंच जमिनीकडे राहतं, आणि टोक त्याच्या खालीच असतं. शोधायचं काही नाही, फक्त बिघडवायचं नाही. चेंडू वर जाताना जरा जरी वळला तरी भोक कलतं. तो का वळतो? वर ओढताना हात आपल्याकडे येतो म्हणून. हात आपल्याकडे का येतो? पाय ताठ असतात आणि सगळी उंची कोपराला द्यावी लागते म्हणून. पायांनी वर या, कोपर सैल राहू द्या, चेंडू वळत नाही. मग तो वर येतो तेव्हा त्याचं भोक अगदी जवळून दिसतं. काळा गोल, कडेला उताराचा उजळ पट्टा. आणि तो काळा गोल टोकावर उतरतो तेव्हा ‘टक’ असा छोटा, कोरडा आवाज येतो. वाटीतल्या आवाजाहून वेगळा. शेजारच्या खोलीतूनही मला कळतं की मुलीचा तोमेकेन बसला.

घाई वाटली की आम्ही मोशिकामे खेळतो. ससा-कासवाचं एक जुनं जपानी बालगीत आहे, त्याच्या ठेक्यावर चेंडू मोठ्या वाटीतून मधल्या वाटीत, मधलीतून पुन्हा मोठीत, असा अखंड चालवायचा. खटक, खटक. सशाची फजिती आपल्याकडेही प्रत्येक मुलाला ठाऊक असते, त्यामुळे गोष्ट सांगायला लागली नाही. गाणं म्हणताना श्वास आपोआप ठरावीक वेळाने येतो आणि शरीर त्यावर डुलायला लागतं. आईने फोनवर नातीचं हे खेळणं पाहिलं तेव्हा तिने तिकडून टाळ्यांनी ठेका धरला. जपानी शब्द तिला कळत नव्हते, ठेका कळत होता.

ज्यांना सुरू करायचंय त्यांच्यासाठी थोडं खरेदीचं. पर्यटनस्थळी शोभेचे केन्दामा मिळतात, सुंदर रंगवलेले. ते कपाटात ठेवायला घ्या, शिकायला नको. भोक मध्यावर नसेल, तोंडाला उतार नसेल, तर तोमेकेनला तुमचा काहीच इलाज चालत नाही आणि मूल स्वतःला दोष देत बसतं. शिकायला स्पर्धेच्या मापाचा घ्यावा. संघटनेची मान्यता असलेल्यांवर तसा शिक्का असतो. यामागाता प्रांतातल्या नागाई गावी यामागाता कोबोचा कारखाना आहे, त्यांचा ‘ओझोरा’ हा माझ्या मते नवख्यासाठी उत्तम. ना फार घसरडा, ना फार चिकट. रंग कुठलाही घ्या, पण एकाच रंगाचा चेंडू बरा, हवेत नीट दिसतो. लिंबाच्या आकाराची किंवा मुठीपेक्षा लहान खेळणी लहान मुलांना सोपी पडतील असं वाटतं, ते खरं नाही. हलका चेंडू लवकर वळतो. पूर्ण मापाचा चेंडू वजनाने स्वतःला सरळ ठेवतो. डावखुऱ्या मुलासाठी दोरी उलट बाजूने ओवून घ्यावी, पाच मिनिटांचं काम आहे. जपानी घरात आम्ही चटईवर खेळतो. भारतात फरशी असेल तर पायांखाली सतरंजी घाला. हातातून दांडा निसटला की टोकाचा टवका उडतो, आणि खालच्या मजल्यावरच्यांचाही विचार करायला हवा.

दोरी झिजतेच. बहुतेक वेळा आडव्या तुकड्याच्या भोकापाशी, जिथे ती लाकडावर घासते तिथे आधी धागे सुटतात. ते दिसले की तुटायची वाट पाहू नये, बदलून टाकावी, कारण खेळताना तुटली तर चेंडू कुठे जाईल सांगता येत नाही. नवी दोरी चेंडूच्या वरच्या भोकातून आत सोडायची, मोठ्या भोकातून बाहेर ओढायची, मण्यातून ओवून घट्ट गाठ मारायची आणि उलटी ओढून मणी आत नेऊन बसवायचा. मग दुसरं टोक आडव्या तुकड्याच्या भोकातून, दांड्यातून, आणि तिथे शेवटची गाठ. मण्याची गाठ मुलीची बोटं माझ्यापेक्षा चांगली मारतात. मागच्या वेळी तिने निळ्या चेंडूला पिवळी दोरी लावली. आता ती फुरिकेन शिकतेय. त्यात चेंडू समोर झोका घेऊन येतो आणि भोक स्वतःहून आपल्याकडे वळतं. तिथे पुन्हा सगळं वेगळं आहे, फक्त खाली बसायचं तेवढं तेच.